हात उचलला जाण्याआधीचे तीन तास

‘उपचारादरम्यान रुग्ण दगावला, संतप्त नातेवाइकांची डॉक्टरांना मारहाण, वॉर्डात तोडफोड.’ ही बातमी आपण इतक्या वेळा वाचली आहे की गावाचं नाव बदललं तरी बाकीचा मजकूर तसाच चालून जातो. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं, अशा नातेवाइकांना जन्माची अद्दल घडवा. कुणी म्हणतं, दवाखाने लुटतात, मग लोक काय करणार? दोन्हीकडचं बोलणं पहिला हात उचलला गेल्यापासून सुरू होतं. मला त्याआधीच्या तीन तासांबद्दल बोलायचं आहे. हल्ला टाळायचा असेल तर तो बहुतेक वेळा तिथेच टाळता येतो.

समजा, जिल्हा रुग्णालय आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेत. छातीत दुखतंय म्हणून पन्नाशीच्या एका माणसाला लांबच्या गावाहून आणलंय. आधी गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं, मग ग्रामीण रुग्णालयाने ‘सिव्हिलला न्या’ म्हणून चिठ्ठी दिली. इथे पोचेपर्यंत दोन दारं झाली, दोन-अडीच तास गेले. घरच्यांच्या मनात मात्र एकच गोष्ट पक्की आहे: आता मोठ्या दवाखान्यात आलो, आता पेशंट वाचणार. कॅज्युअल्टीत एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय. त्याच सुमाराला मोटारसायकल अपघातातले दोघे येतात. पेशंटचा मुलगा केसपेपरच्या खिडकीवर, तिथून बाहेरच्या मेडिकलवर, तिथून एक्स-रेच्या दाराशी असा पळतोय. तो परत येतो तेव्हा वडिलांभोवती पडदा ओढलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘बाहेर थांबा.’ आत काय चाललंय, कुणी सांगत नाही. इकडे फोन जातात आणि गावाकडून दोन गाड्या निघतात. अकरा-सव्वाअकराला सगळ्यात तरुण डॉक्टर बाहेर येतो आणि पॅसेजमध्येच, उभ्याउभ्या सांगतो, ‘गेले ते.’ गाड्या तेव्हाच दारात थांबतात.

आता यात दोष कुणाचा, हे शोधत बसलात तर रात्र संपेल. हृदयविकाराचा झटका मोठा होता, वेळ फार गेला होता, डॉक्टरने जे करता येण्यासारखं होतं ते केलं, असं सगळं खरं असू शकतं. पण नातेवाइकांनी काय पाहिलं? अर्धा तास पडदा आणि मग एक वाक्य. मधली रिकामी जागा त्यांनी आपापल्या संशयाने भरली. निवासी डॉक्टरांना विचारा, आणखी एक गोष्ट ते सांगतील: अंगावर धावून येणारा बहुधा दिवसभर उशाशी बसलेला माणूस नसतो. उशिरा आलेला, आधीचं काहीच न पाहिलेला, आणि चारचौघांत ‘आपण काहीतरी केलं’ हे दाखवायची गरज असलेला तो असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना कारकिर्दीत कधी ना कधी शारीरिक हल्ला सोसावा लागतो. शिवीगाळ आणि धमक्या धरल्या तर आकडा याहून पुष्कळ वर जातो. बातमीत डॉक्टर येतो, कारण तिथे तोडफोड झालेली असते. पण रोजचा मार जास्त बसतो तो चोवीस तास खाटेजवळ असणाऱ्या परिचारिकांना, वॉर्डबॉयना, मावशींना. सलाईन लावताना हात पिरगाळणं, ‘बाहेर भेट, बघतो तुला’ म्हणणं, तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढणं. याची नोंद कुठेच होत नाही. सिस्टर घरी जाऊनसुद्धा सांगत नाहीत, कारण ऐकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं: तुमच्या लाइनमध्ये हे चालायचंच.

काय केल्याने खरंच फरक पडतो

पहिलं उत्तर नेहमी सुरक्षारक्षक हेच येतं. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं आणि सरकारने ११०० सुरक्षारक्षक नेमण्याचं आश्वासन दिलं. रक्षक हवेतच. दारावर पास तपासणारा, पेशंटमागे दोनच नातेवाईक सोडणारा माणूस असला तर वॉर्डातली गर्दी निम्म्यावर येते, आणि गर्दी नसेल तर मारहाण सहसा होत नाही. पण रक्षक हा शेवटचा बांध आहे. केरळमध्ये कोट्टारक्कराच्या तालुका रुग्णालयात १० मे २०२३ च्या पहाटे एका तरुण हाउस सर्जनचा, म्हणजे इंटर्न डॉक्टरचा, खून झाला. मारेकऱ्याला उपचारासाठी पोलिसांनीच आणलं होतं. म्हणजे पोलीस हजर होते. त्याच्या हाती लागलेलं हत्यार दवाखान्यातलीच कात्री होती. पेशंट बिथरलेला आहे हे कुणी आधी ओळखायचं, त्याला कुठे बसवायचं, ड्रेसिंगचा ट्रे त्याच्या हातापासून किती लांब ठेवायचा, या प्रश्नांची उत्तरं बंदूकधारी माणूस देऊ शकत नाही.

इंग्लंडमध्ये याचा वेगळ्या बाजूने विचार झाला. तिथल्या डिझाइन कौन्सिल या संस्थेने लंडनचं सेंट जॉर्जेस आणि साउथॅम्प्टनचं रुग्णालय या दोन ठिकाणच्या अपघात विभागांत एक साधा प्रयोग केला. भिंतींवर मोठ्या अक्षरांत पाट्या लावल्या: तुम्ही आता कुठे आहात, इथे काय होतं, यानंतर कुठे जाल, आणि तुमच्यानंतर आलेला माणूस तुमच्या आधी आत का जाऊ शकतो. बस, एवढंच. अंगावर येण्याच्या आविर्भावाचं, आक्रमक वागण्याचं प्रमाण निम्म्याने घटल्याचं मोजमापात दिसलं, आणि घातलेल्या प्रत्येक पौंडामागे तीन पौंडांचा फायदा झाल्याचा हिशेब मांडला गेला. आपल्याकडे भिंतीवर काय असतं? ‘डॉक्टरांवर हल्ला करणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे.’ मजकूर खरा आहे, पण आधीच घाबरलेल्या माणसाला त्यातून कळतं ते इतकंच की इथे आपल्याकडे गुन्हेगार म्हणून बघतात. त्या पाटीशेजारी ‘छातीत दुखणाऱ्या रुग्णाला रांगेआधी घेतलं जातं’ अशी एक पाटी लावायला किती खर्च येईल?

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका मोठ्या रुग्णालयसमूहातले ४१ विभाग घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या विभागप्रमुखांना त्यांच्याच विभागातल्या हिंसेची आकडेवारी दिली: कुठल्या पाळीत, कुठल्या खोलीत, कसल्या प्रसंगी. मग त्यांनी आपल्या लोकांबरोबर विभागात फिरून स्वतःचा आराखडा केला. दुसऱ्या गटात नेहमीसारखं काम चालू राहिलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या हिंसक घटना दुसऱ्याच्या मानाने निम्म्याच्या आसपास होत्या. दोन वर्षांनी हिंसेतून होणाऱ्या इजाही तिथे स्पष्टपणे कमी दिसल्या. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यात नवं यंत्र नाही की नवा कायदा नाही. जे घडतंय ते लिहून ठेवलं आणि लिहिलेलं वाचलं, इतकंच. पण त्यासाठी ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिलेली प्रत्येक शिवी आधी वहीत यावी लागते. आणि लिहिणाऱ्या सिस्टरला ‘तुमच्याच पाळीत कसं होतं हो हे?’ असं कुणी विचारता कामा नये. तो प्रश्न एकदा विचारला गेला की वही कोरी राहते.

नुसत्या प्रशिक्षणावर मात्र फार भिस्त ठेवू नये. कर्मचाऱ्यांची एक दिवसाची कार्यशाळा घेतली, प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले. यातून ज्ञान आणि आत्मविश्वास वाढतो. हल्ले कमी होतात याचा पुरावा जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात फारसा सापडला नाही. तरी काही गोष्टी शिकून घ्याव्यात अशा आहेत. ऑस्ट्रेलियातल्या परिचारिकांच्या निरीक्षणातून धोक्याच्या पाच खुणा पुढे आल्या: रोखून बघणं, आवाजाचा बदललेला सूर, वाढती अस्वस्थता, स्वतःशी पुटपुटणं आणि येरझाऱ्या. अनुभवी सिस्टरला हे न शिकवताच कळतं. नव्याने आलेल्या इंटर्नला कळत नाही, आणि रात्री तोच समोर असतो. अशा माणसाशी बोलताना आपला आवाज चढवायचा नाही, दोन हातांचं अंतर ठेवायचं, दाराची वाट आपल्या पाठीशी मोकळी ठेवायची, ‘शांत व्हा’ म्हणायचं नाही. ‘शांत व्हा’ ऐकून आजवर कोण शांत झालंय? त्यापेक्षा ‘काका, काय झालंय ते मला सांगा’ बरं.

वाईट बातमी कशी सांगायची

आपल्या वैद्यकीय शिक्षणातली मोठी पोकळी इथे आहे. मृत्यूची बातमी सांगायचं काम सगळ्यात कनिष्ठ डॉक्टरवर ढकलण्याची रीत जवळपास सगळीकडे दिसते, आणि ही रीत वाईट आहे. वरिष्ठ फोनवर आणि पोरगेला डॉक्टर पॅसेजमध्ये, ही मांडणीच हल्ल्याला आमंत्रण देते.

कर्करोगतज्ज्ञांनी २००० साली मांडलेली एक सहा पायऱ्यांची पद्धत जगभर शिकवली जाते. ती आपल्या कॅज्युअल्टीत अशी उतरवता येईल. आधी जागा बघा: एखादी खोली, दोन बाकं, पाण्याचा तांब्या. एकटे जाऊ नका, सिस्टर बरोबर असू द्या. घरातलं जबाबदार माणूस कोण ते विचारून दोघा-तिघांनाच आत घ्या. मग विचारा, ‘तुम्हाला आतापर्यंत काय काय सांगितलंय?’ या एका प्रश्नातून कळतं की समोरच्याला वडिलांना नुसता गॅस झालाय असं वाटतंय की धोक्याची कल्पना आहे. त्यांना आत्ता किती ऐकायचंय याचा अंदाज घ्या, आणि ‘बातमी चांगली नाही’ अशी चाहूल द्या. मग साध्या शब्दांत, ‘मृत्यू झाला’ असंच सांगा. ‘पल्स लागत नाहीये’, ‘रिस्पॉन्स नाही’ हे शब्द घरच्यांना आशा वाटतात. त्यानंतर गप्प बसा. रडू द्या, ओरडूही द्या. ओरडणं म्हणजे हल्ला नव्हे, हे ओळखता आलं की निम्मी भीती जाते. शेवटी पुढचं सांगा: शवविच्छेदन लागेल का, कागद कुठे मिळतील, गाडीचं काय.

आणि हे सगळं मृत्यूनंतर पहिल्यांदा सुरू करून उपयोग नाही. दर अर्ध्या तासाने कुणीतरी बाहेर येऊन एक वाक्य बोललं पाहिजे. डॉक्टरला वेळ नसेल तर समाजसेवा अधीक्षक, तेही नसतील तर ठरवून दिलेली एखादी व्यक्ती.

खासगी दवाखान्यात यात पैशाची भर पडते. आधी सांगितलेला अंदाज आणि हातात पडलेलं बिल यांच्यातला फरक माणूस दुःखातसुद्धा विसरत नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र असतो. या गोष्टी नीट वापरल्या तर भांडणाचं एक मोठं कारण दारातच संपतं. बिलासाठी मृतदेह अडवणाऱ्या दवाखान्याने मग गर्दीची तक्रार करावी, हे मला पटत नाही. मारहाण तरीही गुन्हाच, पण हे दोन्ही एकाच वेळी म्हणता आलं पाहिजे.

आतला माणूस

आतापर्यंत बोललो ते बाहेरून आलेल्या रागाबद्दल. पण रुग्णालयातली हिंसा आतूनही येते. आपल्याला ज्या दोन घटना सगळ्यात ठळकपणे आठवतात, त्या दोन्हींतले गुन्हेगार नातेवाईक नव्हते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त काळ त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. केईएमच्या परिचारिकांच्या कितीतरी पिढ्यांनी त्यांची सेवा केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा या परिचारिकांनी अरुणाताईंच्या दयामरणाला ठाम विरोध केला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपी रुग्णालयात वावर असलेला पोलिसांचा स्वयंसेवक होता.

दोन्ही घटनांत जागा बघा. अरुणा शानबाग पाळी संपल्यावर कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. कोलकात्याची डॉक्टर लांबलेल्या ड्युटीत थोडी पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. मधे जवळपास ५१ वर्षं गेली आणि रात्रपाळीच्या बाईला कडी लागणारी खोली मिळत नाही ती नाहीच. स्वतंत्र विश्रांतिगृह, आतून बंद होणारं दार, उजेड असलेला जिना, वसतिगृहापर्यंत सोडणारी गाडी या मागण्या कुणी चैनीच्या म्हणून टाळू नयेत.

छळ हल्ल्यापर्यंत पोचलेला नसेल तेव्हाही मार्ग आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक दवाखान्यात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने सक्तीचं आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. लहान दवाखान्यातल्या सिस्टरने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरोघरी एकट्या फिरणाऱ्या आशाताईंनाही तीच समिती. त्यांच्याकडे ना वॉर्ड, ना रक्षक, ना सीसीटीव्ही. दार कोण उघडेल हेही त्यांना आधी माहीत नसतं. जोखमीच्या वस्तीत दोघींनी मिळून जाणं आणि कुठे चाललोय ते कुणालातरी कळवून ठेवणं, निदान एवढं तरी यंत्रणेने त्यांच्यासाठी करावं.

कायदा कुठपर्यंत पोचतो

महाराष्ट्रात यासाठी २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. सरकारी-खासगी दोन्ही रुग्णालयांना, डॉक्टरांपासून परिचारिका, विद्यार्थी आणि इतर कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तो लागू होतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड. मोडतोडीची भरपाई दुप्पट. कोविडकाळात, २०२० मध्ये केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आणली, पण ती साथीच्या काळापुरती. देशभर लागू होईल असा कायमस्वरूपी केंद्रीय कायदा नाही. २०१९ मध्ये मसुदा झाला होता, तो पुढे सरकला नाही.

महाराष्ट्राच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते: रुग्णांच्या तक्रारी ऐकून त्यांना योग्य ठिकाणी दाद मागायला मदत करणारं तज्ज्ञांचं प्राधिकरण. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की संतापाला जायला वाट हवी. नातेवाइकांसाठी वाटा आहेतही. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती हातात आली की महाराष्ट्र वैद्यकीय परिषद किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. पोलिसांत गेलात तरी निष्काळजीपणाच्या आरोपावरून डॉक्टरला लगेच अटक होत नाही. आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं आहे.

हल्ला झाल्यानंतर

आता ज्याच्यावर हात उचलला गेला त्याचं काय, हा भाग. नेहमी होतं ते असं: तोंड धुवून, फाटलेला एप्रन बदलून सिस्टर पुन्हा ड्युटीवर उभी, कारण दुसरी कुणी नाही. असं होऊ नये. पहिलं काम तिला त्या पाळीतून मोकळं करणं. दुसरं, तिचा स्वतःचा केसपेपर. दवाखान्यात काम करणारी माणसं एकमेकांना तोंडीच गोळी देऊन मोकळी होतात, आणि पुढे न्यायालयात इजेचा पुरावाच नसतो. वैद्यकीय-न्यायवैद्यक नोंद (एमएलसी) करा, जखमांचे फोटो घ्या. चावा घेतला असेल, सुई लागली असेल, रक्त उघड्या जखमेत गेलं असेल, तर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्य तितक्या लवकर सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. हिपॅटायटिस बीचंही बघून घ्या. सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून त्याच रात्री ते बाजूला काढून ठेवा.

पोलीस ठाण्यात फिर्याद रुग्णालयाने द्यावी. हा मुद्दा लहान वाटतो, पण कळीचा आहे. फिर्यादी म्हणून सिस्टरचं नाव लागलं की गावातला पुढारी तिच्या घरी येतो, ‘ताई, पोरं आहेत, सोडून द्या’ म्हणतो, आणि प्रकरण मिटतं. संस्था फिर्यादी असली तर हा दबाव एका माणसावर येत नाही. कोलकात्याच्या घटनेनंतर १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने आपल्या रुग्णालयांना हाच आदेश दिला: घटनेनंतर सहा तासांत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवायचा. खासगी दवाखान्यांनीही तो नियम स्वतःहून पाळायला कुणाची हरकत आहे?

मनाचं दुखणं नंतर येतं. झोप लागत नाही, पॅसेजमधला मोठा आवाज ऐकून दचकायला होतं, त्या खाटेजवळ जायला पाय रेटत नाही. पहिल्या काही आठवड्यांत हे होणं स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिन्यानंतरही टिकलं किंवा वाढत गेलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. यावर परिणामकारक उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोलात बसवून ‘काय झालं ते सविस्तर सांगा’ अशी सक्तीची बैठक मात्र घेऊ नका. अशा एका बैठकीने फायदा होत नाही, काहींना त्रासच वाढतो, असं अभ्यासांतून दिसलंय. ज्याला बोलायचंय त्याच्याजवळ बसावं; ज्याला नाही त्याला चहा द्यावा, घरी सोडावं. आणि ‘तू काय बोललीस त्यांना?’ हा प्रश्न सहकाऱ्यांनी गिळून टाकावा.

रजा भरपगारी द्यायची, तीही आजारपणाच्या खात्यातून न कापता. ही कामावर झालेली इजा आहे. कंत्राटी सिस्टर आणि बाह्यस्रोतातले वॉर्डबॉय इथेच मार खातात. रुग्णालय म्हणतं ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो उद्यापासून दुसरा माणूस पाठवतो. ठेक्याच्या करारातच उपचार आणि रजेची अट घालून ठेवली तर हा प्रश्न सुटतो. परतल्यावर त्याच वॉर्डात काम करायचं की दुसरीकडे, हे त्या व्यक्तीला विचारून ठरवावं. न विचारता केलेली बदली शिक्षेसारखी लागते.

शेवटची गोष्ट खटल्याची. तो उभा राहतो तोवर वर्षं गेलेली असतात. निवासी डॉक्टर शिक्षण संपवून दुसऱ्या जिल्ह्यात, सिस्टर दुसऱ्या नोकरीत. समन्स येतं, रजा मिळत नाही, तारीख चुकते, साक्षीदार न आल्यामुळे आरोपी सुटतो. रुग्णालयाने एका माणसाकडे हे काम सोपवावं: तारखा लक्षात ठेवणं, वकिलाशी बोलणं, जुन्या कर्मचाऱ्याला कळवणं, प्रवासखर्च देणं. आणि साक्षीचा दिवस हजेरीपटावर ‘कर्तव्यावर’ असाच लावावा.